लोणंदच्या मुरमातली काकडी

आमचा टेम्पो भरून दारात उभा होता आणि आत्याबाईंचा पत्ता नव्हता. कपाट चढलं, शेगडी चढली, मुलांच्या सायकली दोरीनं बांधून झाल्या, शेजारणींनी ओटी भरली, ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. शेवटी थोरली जाऊ माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "त्या मळ्यात जाऊन बसल्यात. तूच जा नि पाया पडून ये." मग मी साडी खोचली, नव्या सँडल हातात घेतल्या आणि उसाच्या बांधावरून चालू लागले.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. इस्लामपूरच्या पुढं, कृष्णेच्या पाण्यावर आमची शेती. तिथं ऊस लावला की बायका त्याच्या सरीत काकडीचं बी टोकतात. ऊस पुरुषांचा आणि काकडी बायकांची, हा आमच्या घरचा कायदा. उसाचं काय व्हायचं ते कारखान्यात होवो, काकडीचा कारभार आत्याबाईंच्या हातात. त्या दिवशी उन्हाळा सरत आला होता, काकडी संपली होती आणि त्या वाकून वाळके वेल उपसत होत्या. मी पाया पडले तरी त्यांनी मान वर केली नाही.

"चाललासा? जावा," त्या म्हणाल्या. "मला तितं बोलवू नगासा. समदं माळरान. जितं काकडीचा येल धरत न्हाई तितं मानसानं ऱ्हाऊन काय करायचं?"

"आवं आत्याबाई, मी लावीन की तिथं काकडी."

"लाव. तुज्या दारातली पाटीभर काकडी हितं आली म्हंजी मी आलेच. तवर न्हाई."

एवढं बोलून त्यांनी कनवटीची बियांची पुडी काढून माझ्या हातात दिली आणि पुन्हा वेल उपसायला लागल्या. मी टेम्पोत पुढं बसले आणि गावाची वेस ओलांडून बराच वेळ होईपर्यंत रडले. कऱ्हाडला सगळ्यांनी चहा आणि भजी घेतली, तेव्हा मीही घेतली.

कुणी दुबईला जातं, कुणी पुण्याला जातं. मी लोणंदला गेले. हे सांगताना अजूनही लोक हसतात, कारण सकाळी गावातून निघालं तर दुपारच्या जेवणाला लोणंदला पोचता येतं. जिल्हा तेवढा बदलला, सांगलीचा सातारा झाला. पण तुम्ही जे गाव सोडून लांब गेलात ते मला हसणार नाही. घर सोडायला विमानच लागतं असं काही नाही. पहिल्या दिवशी नळाला पाणी आलं नाही, दुसऱ्या दिवशी पाऊण तास आलं, आणि शेजारची बाई म्हणाली, "आज बरंच आलं की." तेव्हाच मला कळलं की मी परमुलखात आले आहे. आमच्याकडं पाटाचं पाणी रात्रभर वाहून गेलं तरी कुणी उठून बघत नाही. इथं मी तांदूळ धुतलेलं पाणी सांडताना चारदा विचार करायला शिकले. बाजाराच्या दिवशी सगळ्या गावाला कांद्याचा वास, मधूनच रेल्वेची शिट्टी, आणि पायाखाली मुरूम. कुदळ मारली की ठिणगी उडायची.

आम्ही आलो ते यांच्या नोकरीसाठी. हे एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर आहेत आणि तो कारखाना कशाचा, तर काकडीचा. करंगळीएवढ्या, बोटाएवढ्या काकड्या व्हिनेगरच्या पाण्यात घालायच्या, काचेच्या बरण्या भरायच्या आणि जहाजानं परदेशी पाठवायच्या. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला खरंच वाटेना. आमच्या मळ्यात एवढीशी काकडी कुणी तोडली असती तर आत्याबाईंनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. कवळ्या फळाला हात लावायचा नाही, हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी शिकवलं. आणि दुसरं शिकवलं ते चिंधीचं. वेलावर पहिली काकडी धरली की तिच्या देठाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. ती देवाची. तिला कुणी तोडायचं नाही. ती पिकून पिवळी झाली की एक फोड देवापुढं ठेवायची आणि बी राखेत कालवून पुढच्या वर्षाला ठेवायचं.

मी एकोणिसाव्या वर्षी त्या घरात आले. माझी आई मी लहान असतानाच गेलेली, त्यामुळं भाकरी थापण्यापासून भांडण्यापर्यंत जे काही येतं ते मला आत्याबाईंनी शिकवलं. बाळंतपणात दोन्ही वेळा उशाशी त्याच होत्या. म्हणून त्यांची अट मला फार लागली. पुढं आम्ही लोणंदला लहानसं घर बांधलं, मागं परसाला चार पावलं जागा ठेवली. वास्तुशांतीला गावाकडून दोन गाड्या भरून माणसं आली. आत्याबाई आल्या नाहीत. मी सणावाराला गावी जायची तेव्हा त्या प्रेमानं जवळ घ्यायच्या, पोरांना तूप वाढायच्या, निघताना पीठ-कूट बांधून द्यायच्या. "आता तुम्ही चला," म्हटलं की एकच विचारायच्या, "काकडी आली का?"

काकडी कुठली येते! त्यांच्या पुडीतलं बी मी पहिल्या वर्षी लावलं, ते चार पानांवर करपलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा लावलं, वेल हातभर झाला आणि वाळला. हे म्हणाले, "बाजारातून पाटीभर घे आणि पाठव. म्हातारीला काय कळतंय?" मी नुसतं बघितलं यांच्याकडं. चाळीस वर्षं काकडी लावणाऱ्या बाईला बाजारची काकडी कळणार नाही म्हणे! आणि कळली नसती तरी मी तसं केलं नसतं. मला त्यांना फसवून आणायचं नव्हतं, त्या आपण होऊन यायला हव्या होत्या.

तिसऱ्या वर्षी यांना माझी दया आली. कारखान्यात शेतकऱ्यांना द्यायचं बी असतं, त्यातलं थोडं हे सांगून-विचारून घेऊन आले. लोणच्याच्या काकडीचं, हायब्रीड. मी म्हटलं, काकडी ती काकडी. आधी हातभर खड्डे घेऊन मुरूम काढला, त्यात डेअरीवाल्याकडचं शेणखत आणि ओढ्याकडची माती भरली. बाजारातून कांद्याची टरफलं पोत्यानं आणून वरती पसरली, म्हणजे ओल टिकते. प्लॅस्टिकच्या बाटल्यांना भोकं पाडून त्या बुडाशी उलट्या रोवल्या. भांडी विसळलेलं पहिलं पाणी त्यात. बांबूला दोऱ्या बांधून मांडव केला. आणि बारा वेल असे चढले की मी रोज सकाळी उठून त्यांना नुसती बघत बसायची. महिनाभरात पिवळी फुलं आली आणि फुलामागं काटेरी, बोटाएवढी पहिली काकडी. मी नाचायचीच बाकी होते.

आणि मग मी काय केलं? जुनी साडी फाडली आणि बाराच्या बारा वेलांना चिंध्या बांधल्या.

पुढच्या आठवड्यात दहा-पंधरा काकड्या निघाल्या. त्याही हातभर होईपर्यंत मी थांबले. त्याच्या पुढच्या आठवड्यात चार. चिंधीवाल्या मात्र दिवसादिवसाला फुगत होत्या, पिवळ्या पडत होत्या, आणि बाकीची फुलं गळत होती. मी पाणी वाढवलं, शेणकाला ओतला, एकदा चक्क वेलांशी बोलून बघितलं. काही नाही. पाटीभर काकडीचा हिशोब तर सोडाच, कोशिंबिरीपुरती निघेना.

शेवटी शेजारच्या कमलताई भिंतीवरून डोकावल्या. त्या फलटणकडच्या, यांच्याच कारखान्यात ग्रेडिंगच्या पट्ट्यावर काम करतात. समोरून काकड्या वाहत जातात आणि कमलताई नुसत्या बोटांनी जाड-बारीक वेगळी करतात, मोजपट्टी लागत नाही. त्यांनी माझ्या चिंध्या बघितल्या आणि कपाळावर हात मारला.

"वहिनी, ह्ये काय करून ठेवलंय? वेलाला बाशिंगं बांधली काय?"

मी चिंधीची सगळी हकिकत सांगितली. त्या हसल्या नाहीत. परसात येऊन एक वेल हातात घेतला आणि समजावलं. "बघा, एक काकडी पिकली की वेलाला वाटतं, झालं आपलं काम. बी धरलं, वंश चालला. मग तो कशाला धडपडंल? ही काकडी रोज तोडायची. बोटाएवढी झाली की तोडायची. पान उचलून खाली बघायचं. आज एक चुकली की उद्या ती ढब्बी झाली, अन् वेल थांबला. आणि ह्याचं बी ठेवून पुढच्या वर्षी असलंच पीक येत न्हाई, हायब्रीड हाय ते."

"पण ती देवाची आहे हो."

"देवाला बारीक द्या की. त्याला काय सांबारात टाकायचीय?"

त्या गेल्या आणि मी तिथंच बसून राहिले. अडचण अशी की काकडी पाटीभर आली तरच आत्याबाई येणार, आणि आत्याबाईंचं ऐकलं तर काकडी येणार नाही. तीन वर्षं ज्या बाईसाठी मी मुरूम खणत होते, तिनंच शिकवलेलं मोडायचं होतं. मला भीती देवाची नव्हती, खोटं कशाला बोलू. भीती आत्याबाईंचीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून मी परसात गेले, बाराही चिंध्या सोडल्या आणि त्या पिवळ्या काकड्या तोडून देवापुढं ठेवल्या. म्हटलं, यंदा जरा लवकर घे आणि त्यांना काही कळू देऊ नकोस.

मग दहा-बारा दिवसांत वेलांनी जे मनावर घेतलं! सांध्यासांध्याला काकडी. सकाळी तोडावी, आणि दुसऱ्या सकाळी पान उचललं की पुन्हा तिथंच शेजारी दुसरी. पहिले दोन दिवस कवळ्या काकडीला नख लावण्याआधी मी मनातल्या मनात आत्याबाईंची माफी मागायची, तिसऱ्या दिवसापासून मी गाणी म्हणत तोडायला लागले. पोरांच्या डब्यात काकडी, थालीपिठात काकडी. उरलेली मिठाच्या पाण्यात लसूण, मिरची आणि फेसलेली मोहरी घालून उन्हात ठेवायची. खारातल्या मिरच्या असतात तशा ह्या खारातल्या काकड्या. यांच्या कारखान्यातल्यापेक्षा चांगल्या, असं हेच म्हणाले, पण कारखान्यात सांगू नकोस असंही म्हणाले. तीन दिवसांचा तोडा साठवून, ओल्या फडक्यात गुंडाळून मी एक पाटी भरली, शिगोशीग. रविवारी हे गावी जाणार होते, त्यांच्याबरोबर दिली. त्या दिवशी मी जेवले नाही. सारखी मोबाइलकडं बघत होते.

संध्याकाळी फोन आला.

"मंगल, ही काय काकडी म्हनायची का?" आत्याबाईंचा आवाज इतका चढला होता की स्पीकर लावायची गरज नव्हती. "आगं, लेकरं तोडून धाडलीस येलाची! चिंदी बांदली हुतीस का?"

"बांधली होती."

"मग?"

"सोडली."

मला वाटलं, आता ह्या जन्मात त्या येत नाहीत.

"उद्या येती मी," त्या म्हणाल्या. "येल बगाया." आणि फोन बंद.

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरल्या भाऊजींची पिकअप दारात थांबली आणि आत्याबाई उतरल्या. हातात पिशवी, पिशवीत स्वतःपुरत्या चार भाकरी आणि चटणी, कारण भांडायला आलेल्या माणसानं समोरच्याचं खायचं नसतं. मी पायावर पाणी घालायला तांब्या घेऊन आले, तर "ऱ्हाऊ दे, आदी परस दाव," म्हणाल्या. तीन वर्षं ज्या पावलांची वाट बघितली ती माझ्या घरातून न थांबता सरळ मागच्या दारानं बाहेर गेली. मी मागून चालले होते आणि मला रडूही येत होतं, हसूही येत होतं.

त्यांनी माती हातात घेऊन चुरगाळली. बाटल्या बघितल्या. टरफलं पायानं सारून खालची ओल बघितली. प्रत्येक वेलाची पानं उचलली. तेवढ्यात शिफ्ट संपवून कमलताई आल्या आणि दोघींची जुंपली. कवळं तोडणं हे पाप, असं आत्याबाई म्हणत होत्या, आणि वेल अडवून ठेवणं हे त्याहून मोठं, असं कमलताई. मी आणि भाऊजी दाराआड उभे राहून ऐकत होतो. शेवटी कमलताईंनी आत्याबाईंच्या समोर एका वेलावरच्या सगळ्या काकड्या तोडल्या, एकही ठेवली नाही, आणि म्हणाल्या, "आत्या, आज मुक्काम करा. उद्या सकाळी ह्योच वेल बघा. न्हाई काकडी दिसली तर मी तुमच्या पाया पडते."

भाऊजींना गावी उसाची तोडणी बघायची होती, ते चहा घेऊन परत गेले. आत्याबाई राहिल्या. पैज लागली म्हणून राहिल्या, माझ्यासाठी नव्हे, असं त्यांनी दोनदा सांगितलं. भाकरी मात्र माझी खाल्ली आणि खारातल्या सहा काकड्या कडाकडा चावून, "मीठ जरा कमी पडलंय," म्हणाल्या.

सकाळी मी उठायच्या आत त्या परसात होत्या. त्या वेलाची पानं उचलून उभ्या, आणि पानाखाली आठ-नऊ काकड्या.

"आगं बया," त्या म्हणाल्या. "ह्यो येल हाय का दुभती म्हस?"

त्यांनी पदर खोचला, एक काकडी नखानं खुडली, माझ्याकडं बघितलं, आणि मग दुसरी खुडली. बघता बघता दोघी दोन बाजूंनी तोडत एकमेकींच्या समोर आलो. मधे वेल, त्यामुळं त्यांचं तोंड मला नीट दिसत नव्हतं. कदाचित म्हणूनच त्या बोलल्या.

"मंगल, मला ठावं हुतं हितल्या मातीत काकडी येत न्हाई म्हनून. तवाच बोलले मी तसं."

"म्हणजे?"

"मी हितं आले असते, म्हंजी मग तुमी हितलंच झाला असतासा. मी न्हाई आले तर कवा ना कवा परतून याल, असं वाटायचं बग. यडीच मी."

माझ्या हातातली काकडी तशीच राहिली. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या माझ्यावर रागावल्या आहेत, मी त्यांचा मुलगा घेऊन गेले म्हणून. आणि त्या तिकडं दारात आमच्या टेम्पोची वाट बघत होत्या. मी वेलाच्या त्या बाजूला गेले आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून मनसोक्त रडले. त्यांनी थोडा वेळ रडू दिलं आणि मग म्हणाल्या, "बास. ऊन व्हाया लागलंय, तोडा उरकू."

एका दिवसासाठी आलेल्या आत्याबाई त्यानंतर परसाच्या मालकीण झाल्या. कमलताई कामावर जाताना त्यांना हाक मारून जायला लागल्या, कांद्याच्या बाजारात टरफलं कुठली चांगली ती त्यांना माझ्याआधी कळायला लागली. नळाला पाणी आलं की गल्लीत पहिली आरोळी त्यांची. बरण्या भरून शेजारी वाटल्या, त्याही "आमच्या दारातली हाय" असं सांगून.

गावी राहिलेल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखं सामान भरून निघालेल्यांनो, मला बरेच जण विचारतात, करमतं का तिथं? मी आधी 'हो' म्हणायची आणि आतून गप्प व्हायची. गावी गेले की लोणंदच्या नळाची काळजी, लोणंदला असले की गावच्या पाटाची आठवण. दोन्हीकडं मी आल्या-गेल्यासारखी. घर आपण बांधलं, रंग दिला, दारावर नाव लावलं, तरी ते घर झालं की नाही हे आपल्याला सांगता येत नाही. ते दुसऱ्या कुणीतरी ठरवावं लागतं, हे मला आत्याबाईंच्या मुक्कामाच्या आठव्या दिवशी कळलं.

त्या दिवशी थोरले भाऊजी आत्याबाईंना न्यायला आले. सकाळची वेळ, आम्ही दोघी मांडवाखाली, पाटी अर्धी भरलेली. मागच्या दारात उभं राहून ते म्हणाले, "चल आई, आवर. घरी जायाचं न्हवं?"

आत्याबाईंनी वळूनसुद्धा बघितलं नाही. पान उचललं, काकडी खुडली, पाटीत टाकली.

"बस जरा, तोडा हुं दे," त्या म्हणाल्या, आणि मला हुकूम सोडला, "मंगल, पावण्याला च्या टाक."